खानदेशातून रेसट्रॅकपर्यंत: मोटारसायकलच्या पहिल्या ट्रॅक डेची तयारी

तापीच्या खोऱ्यात मोटारसायकल शिकलेल्या माणसाला वळणाचा सराव फारसा होत नाही. जळगाव–भुसावळ, अमळनेर–चोपडा, शहादा–दोंडाईचा असे आपले रोजचे रस्ते बहुतांशी सरळ आणि सपाट आहेत. खरी वळणे लागतात ती घाटांत: चाळीसगावहून कन्नडला चढणाऱ्या घाटात, साक्री आणि नवापूर यांच्यामधल्या कोंडाईबारीत किंवा शहाद्याहून तोरणमाळला जाताना. पण घाटातले वळण एका फेरीत एकदाच येते, समोरून केळीने भरलेला ट्रक उतरत असतो, कडेला खडी पसरलेली असते आणि वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. अशा जागी प्रयोग करता येत नाही आणि करूही नये. त्यामुळे दहा-दहा वर्षे गाडी चालवणाऱ्या अनेकांचे वळण घेण्याचे कसब पहिल्या वर्षी होते तिथेच राहते, आणि ज्या दिवशी अचानक ब्रेक मारून गाडी वळवावी लागते त्या दिवशी ते अपुरे पडते.

ट्रॅक डे, म्हणजे रेसट्रॅकवर सरावासाठी मिळणारा दिवस, ही उणीव भरून काढतो. रेसट्रॅकवर सगळी वाहने एकाच दिशेने जातात, ट्रॅक्टर किंवा गुरे आडवी येत नाहीत, डांबर स्वच्छ असते, वळणाबाहेर मोकळी जागा सोडलेली असते, रुग्णवाहिका उभी असते आणि मुख्य म्हणजे तेच वळण दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा समोर येते. एकच चूक ओळखून पुढच्याच फेरीत ती सुधारून पाहण्याची सोय दुसरीकडे कुठेही मिळत नाही. खानदेशातून एवढ्या लांब जाण्याचे कारण हेच आहे, आणि पुढची सगळी तयारी या एका गोष्टीचा पुरेपूर उपयोग व्हावा यासाठी आहे. वेग वाढला पाहिजे म्हणून जाणारा माणूस बहुधा पहिल्या दोन तासांतच थकतो किंवा पडतो. वळण समजून घ्यायला जाणाऱ्याचा वेग मात्र आपोआप वाढतो.

ट्रॅक डे म्हणजे नेमके काय

ट्रॅक डे ही शर्यत नव्हे. तिथे क्रमांक नसतो, बक्षीस नसते आणि दुसऱ्याला मागे टाकण्याला काही किंमत नसते. एखादा क्लब, प्रशिक्षण संस्था किंवा गाडी बनवणारी कंपनी ट्रॅक दिवसभरासाठी भाड्याने घेते, येणाऱ्यांची अनुभवानुसार नवखे, मध्यम आणि जाणकार अशा गटांत विभागणी करते आणि प्रत्येक गटाला आळीपाळीने साधारण १५ ते २० मिनिटांचे सत्र देते. दिवसभरात अशी अनेक सत्रे होतात. प्रशिक्षण संस्थेचा वर्ग असेल तर दोन सत्रांच्या मधल्या वेळेत फळ्यासमोर बसवून एकेक तंत्र समजावले जाते आणि पुढच्या सत्रात प्रशिक्षक तुमच्या मागे-पुढे राहून तेवढेच तपासतो.

नवख्या माणसाने पहिल्यांदा अशा प्रशिक्षणवर्गालाच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नुसता ट्रॅक मोकळा मिळाला आणि सांगणारे कोणी नसले, तर माणूस रस्त्यावरच्या वाईट सवयी जास्त वेगाने गिरवतो.

सार्वजनिक रस्त्यावर वेगाची स्पर्धा करणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. लळिंगच्या घाटात किंवा बायपासवर रात्री गाड्या पळवणाऱ्या मुलांना हे कोणीतरी सांगितले पाहिजे. वेगाची हौस पुरवण्याची कायदेशीर जागा आहे, ती दूर आहे एवढेच.

कोणता ट्रॅक, कोणता हंगाम

मोटारसायकलींच्या ट्रॅक डेसाठी देशात सर्वांत रुळलेली जागा म्हणजे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक. १९९० मध्ये सुरू झालेल्या या ट्रॅकची लांबी सुमारे ३.७ किलोमीटर असून त्यावर १२ वळणे आहेत. मंद, मध्यम आणि वेगवान अशी सगळ्या जातींची वळणे एकाच फेरीत मिळत असल्यामुळे शिकण्यासाठी ही जागा उत्तम आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलने भारतातले आपले पहिले वर्ग २०१० मध्ये याच ट्रॅकवर घेतले होते. कोइमतूरजवळ चेट्टिपाळयम येथे एस. करिवर्धन यांच्या नावाने ओळखला जाणारा करी मोटर स्पीडवे आहे. तो सुमारे २.१ किलोमीटरचा, म्हणजे आटोपशीर असल्यामुळे दीडशे-दोनशे सीसीच्या गाडीला अधिक मानवतो. ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट पाच किलोमीटरहून लांब आहे. २०११ ते २०१३ या काळात तिथे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या आणि २०२३ मध्ये मोटोजीपीही झाली. पण त्याची लांबलचक सरळ पट्टी मोठ्या ताकदीच्या गाड्यांसाठी आहे. लहान गाडी घेऊन जाणारा नवखा तिथे शिकण्याऐवजी सरळ पट्टी संपण्याची वाट पाहत बसतो.

आपल्याकडे नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न असतो, की इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे, धुळ्याहून सेंधव्यामार्गे चार-पाच तासांत पोहोचता येते, मग चेन्नईला कशाला जायचे? नॅट्रॅक्स हे वाहनांच्या चाचणीचे केंद्र आहे. तिथला ११.३ किलोमीटरचा ट्रॅक अतिवेगाच्या चाचण्यांसाठी बांधलेला आहे आणि वळण शिकण्याच्या कामी तो येत नाही.

हंगाम निवडताना आपल्या पावसाळ्याचा हिशेब चेन्नईला लावू नये. तिथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो, त्यामुळे जानेवारी आणि फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले. एप्रिल-मे टाळावा. भुसावळचा ४५ अंशांचा उन्हाळा आपण सोसतो म्हणून चेन्नईचा ३८ अंशांचा सहज सोसू, असे वाटते, पण आपला उन्हाळा कोरडा असतो आणि घाम लगेच वाळून अंग थंड होते. समुद्रकाठच्या दमट हवेत, तेही जाड चामड्याच्या पोशाखात, घाम वाळतच नाही आणि शरीर आतल्या आत तापत राहते.

स्वतःची गाडी की भाड्याची

जळगावहून चेन्नई रस्त्याने हजार किलोमीटरहून कितीतरी अधिक आहे. दोन-तीन दिवस गाडी चालवत जायचे, दुसऱ्या सकाळी ट्रॅकवर उतरायचे आणि मग परत यायचे, हा बेत तरुणांना आकर्षक वाटतो. तरी तो करू नये. थकलेल्या मनगटांनी आणि झोप न झालेल्या डोळ्यांनी काही शिकता येत नाही. शिवाय ट्रॅकवर गाडी घसरून हँडल किंवा फूटरेस्ट वाकला, तर घरी कसे परतायचे हा प्रश्न उरतोच.

आयोजकांकडे भाड्याची गाडी मिळत असेल तर पहिल्या वेळी तीच घ्यावी आणि आपण रेल्वेने जावे. अहमदाबाद–चेन्नई नवजीवन एक्सप्रेस नंदुरबार, जळगाव आणि भुसावळमार्गे जाते, त्यामुळे खानदेशातल्या तिन्ही जिल्ह्यांतल्या माणसाला ती सोयीची आहे. दिल्लीच्या बाजूला जायचे असेल तर भुसावळ जंक्शनवरून गाड्यांची वाण नाही. स्वतःचीच गाडी न्यायची असेल तर ती रेल्वेने लगेज म्हणून किंवा पार्सल म्हणून पाठवता येते. लगेजसाठी तुमचे प्रवासाचे तिकीट लागते, पार्सलला ते लागत नाही. दोन्ही प्रकारांत आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती द्याव्या लागतात, पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि गाडी गोणपाट व पेंढा लावून बांधून घ्यावी लागते. नंबर प्लेट, आरसे आणि सुटणारे सामान आधीच काढून घेतलेले बरे. गाडी तुमच्या आधी पोहोचेल अशा बेताने चार-पाच दिवस अगोदर ती पाठवावी.

गाडी कोणती असावी? जी तुम्ही रोज चालवता ती. १६० ते ३०० सीसीच्या गाडीवर माणूस जेवढे शिकतो तेवढे मोठ्या गाडीवर शिकत नाही, कारण मोठी गाडी सरळ पट्टीवरच्या ताकदीने वळणातल्या चुका झाकते. लहान गाडीवर वळणात गमावलेला वेग पुढे संपूर्ण पट्टीभर जाणवतो आणि चूक लगेच कळते.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्यावी. आपल्या नेहमीच्या वाहन विम्यात संघटित शर्यत आणि वेगचाचणीच्या काळात झालेले नुकसान वगळलेले असते, आणि ट्रॅक डेचे नुकसानही कंपन्या त्याच खाती घालतात. ट्रॅकवर सकाळी जे हमीपत्र सही करायला देतात त्यातही जोखीम तुमचीच असते. ते वाचून मगच सही करावी. आरोग्य विम्याच्या अटीही घरून निघण्यापूर्वी वाचाव्यात.

घरच्या मैदानावरचा सराव

ही पायरी लोक गाळतात आणि म्हणून ट्रॅकवरची पहिली दोन सत्रे वाया जातात. ट्रॅकवर जाण्याआधी महिनाभर, दर रविवारी सकाळी तासभर, मोकळ्या जागेत सराव करावा. बाजार समितीचे सुट्टीच्या दिवशीचे आवार किंवा महाविद्यालयाचे डांबरी मैदान चालते, मात्र परवानगी घ्यावी, जमीन आधी झाडून घ्यावी आणि हेल्मेट, हातमोजे, बूट घालूनच बसावे. सोबत एक माणूस असावाच. शंकू नसतील तर पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत थोडी माती भरून त्या ठेवल्या तरी काम होते. विटा ठेवू नयेत. चाक त्यांवर गेले तर गाडी उलटते.

पहिला सराव ब्रेकचा. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने सरळ यावे आणि एका ठरलेल्या खुणेपाशी ब्रेक लावून गाडी थांबवावी. आपल्याकडे बहुतेकांना मागचा ब्रेक दाबण्याची सवय असते, कारण मातीच्या रस्त्यावर पुढचा ब्रेक दाबला की पडायला होते, असे लहानपणापासून सांगितलेले असते. कोरड्या डांबरावर मात्र गाडी थांबवण्याचे बहुतांश काम पुढचा ब्रेकच करतो. तो लिव्हर एकदम आवळू नये. दोन बोटांनी आधी हलकेच दाबावे, पुढचे शॉकअप खाली बसल्याचे हाताला जाणवू द्यावे, आणि मग जोर वाढवावा. शॉकअप बसले म्हणजे गाडीचे वजन पुढच्या टायरवर आले, टायर जमिनीवर दबला आणि त्याची पकड वाढली. वजन येण्याआधी जोर लावला तर टायर घसरतो. वजन आल्यावर तोच जोर तो सहज पेलतो. सुटतानाही लिव्हर एकदम सोडू नये. हा फरक एकदा बोटांना कळला की माणसाची पुढच्या ब्रेकची भीती कायमची जाते. गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर ते चालूच ठेवावे.

या सरावाचे महत्त्व आकड्यांत पाहा. चांगल्या कोरड्या डांबरावर, उत्तम ब्रेक लावून, ताशी ६० किलोमीटरवरून थांबायला साधारण १८ मीटर लागतात आणि ८० वरून साधारण ३१ मीटर. वेग एक-तृतीयांशाने वाढला, तर अंतर पाऊणपटीने वाढले. ब्रेककडे हात जाईपर्यंतचा एक सेकंद धरला तर त्यात ६० च्या वेगाने आणखी सुमारे १७ आणि ८० च्या वेगाने २२ मीटर जातात.

दुसरा सराव नजरेचा. बाटल्या मोठ्या वर्तुळात मांडून त्याभोवती फेऱ्या घालाव्यात आणि हनुवटी वळवून वर्तुळाच्या पलीकडच्या बाजूला पाहावे. सुरुवातीला नजर पुन्हा पुन्हा पुढच्या चाकापाशी येते. खड्डे चुकवत गाडी चालवणाऱ्या आपल्यासारख्यांची नजर दहा-पंधरा फुटांवर खिळलेली असते आणि ट्रॅकवर सर्वांत आधी हीच सवय मोडावी लागते. माणूस जिकडे पाहतो तिकडे गाडी जाते. वळणाबाहेरच्या मातीकडे पाहणारा मातीतच जातो.

तिसरा सराव हँडलचा. ताशी ३० च्या पुढे सरळ जाताना उजव्या हाताने उजवे हँडल हलकेच पुढे ढकलून पाहावे. गाडी उजवीकडे झुकते. डावे ढकलले की डावीकडे. वेगात गाडी शरीर झुकवून वळते असे अनेकांना वाटते, पण खरे काम हे ढकलणेच करते, आणि ते सगळे जण नकळत करतच असतात. जाणूनबुजून करायला लागले की गाडी हव्या त्या क्षणी, हवी तेवढी झुकवता येते. समोर अचानक कुत्रे आल्यावर जीव वाचवणारे कसबही तेच.

गाडीची तयारी

निघण्याच्या आठवडाभर आधी आपल्या नेहमीच्या मेकॅनिककडे गाडी नेऊन पुढील कामे स्वतः समोर उभे राहून करून घ्यावीत. ब्रेक पॅडची जाडी निम्म्याहून कमी असेल तर पॅड बदलावेत. ब्रेक ऑइल वर्षाहून जुने असेल तर तेही बदलावे, कारण ते हवेतला ओलावा शोषते, सततच्या ब्रेकमुळे तापल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि लिव्हर पोकळ लागतो. डब्यावरचा डॉट ३ किंवा डॉट ४ हा प्रकार गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच असावा. चेनचा ढील पुस्तिकेत दिलेल्या मापात, बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर, असावा. चेनच्या खालच्या पट्टीच्या मधोमध बोट लावून ती वर-खाली करावी आणि शेजारी शाळेची मोजपट्टी धरावी. चाक थोडे थोडे फिरवून चार ठिकाणी मोजले की चेन कुठे घट्ट आणि कुठे सैल आहे तेही कळते. इंजिनमधून कुठेही ऑइल झिरपत असेल तर गाडी ट्रॅकवर सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे, कारण वळणावर सांडलेले चमचाभर ऑइल मागून येणाऱ्या दहा जणांना पाडू शकते. कूलंटच्या बाबतीत काही ठिकाणी वेगळा नियम असतो: साधे कूलंट सांडल्यावर डांबर निसरडे होते म्हणून रेडिएटरमध्ये फक्त पाणी भरायला सांगतात. आयोजकांना हे आधी विचारून घ्यावे.

ट्रॅकवर पोहोचल्यावर आरसे, नंबर प्लेट, साडीगार्ड आणि मेन स्टँड काढावा. हेडलाइट, टेललाइट आणि इंडिकेटरवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे काच फुटली तरी ती पसरत नाही. आरसे काढण्यामागे आणखी एक कारण आहे: मागे पाहायचेच नाही. मागच्याने तुम्हाला सुरक्षितपणे ओलांडणे ही त्याची जबाबदारी असते.

टायरमधली हवा हा वेगळा विषय आहे. हवा तापमानाबरोबर फुगते. साधारण दर दहा अंशांमागे दाब दीड पीएसआयने वाढतो. जळगावात दुपारी भरलेली हवा दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅकवर कमी दाखवते आणि दोन सत्रांनंतर तीच बरीच वाढलेली असते. म्हणून स्वतःचा दाबमापक जवळ ठेवावा, सकाळी टायर थंड असताना दाब पाहावा, सत्र संपवून आल्याआल्या पुन्हा पाहावा आणि दोन्ही आकडे वहीत लिहावेत. किती ठेवायचा ते तिथले टायरचे जाणकार सांगतील. त्यांनी सांगितल्याशिवाय कंपनीच्या आकड्यापेक्षा फार खाली जाऊ नये. तीन-चार वर्षे जुने, कडक झालेले टायर घेऊन जाऊ नये. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात.

अंगावरचा पोशाख

इथे काटकसर करू नये. पूर्ण चेहऱ्याचे, दुहेरी कडीच्या पट्ट्याचे हेल्मेट लागते. आयएसआय खूण तर कायद्यानेच हवी. त्याशिवाय ईसीई २२.०६ या युरोपातल्या मानकाने प्रमाणित असेल तर उत्तम. पडलेले किंवा पाच वर्षांहून जुने हेल्मेट चालत नाही. अंगात चामड्याचा एकसंध सूट किंवा जॅकेट आणि पँट चेनने एकमेकांना जोडणारा दोन तुकड्यांचा सूट असावा, मनगट झाकणारे लांब हातमोजे असावेत, घोटा झाकणारे बूट असावेत आणि पाठीला संरक्षक पॅड असावा. हा सगळा संच विकत घेणे महाग पडते आणि खानदेशात तो घालून पाहायलाही सहसा मिळत नाही. पहिल्या वेळी आयोजकांकडून सूट भाड्याने घ्यावा, हेल्मेट, हातमोजे आणि बूट मात्र स्वतःचे असावेत. आतून घालायला घाम शोषणारे, अंगाला चिकटून बसणारे कपडे न्यावेत, नाहीतर चामडे अंगाला चिकटते आणि दुपारी सूट चढवताच येत नाही.

सकाळची बैठक आणि झेंडे

नोंदणी आणि गाडीची तपासणी झाल्यावर सर्वांची बैठक होते. ती अर्ध्या झोपेत ऐकू नये. त्यात ट्रॅकवर शिरायचे आणि बाहेर पडायचे ठिकाण, ओलांडण्याचे नियम आणि झेंडे समजावतात. नवख्यांच्या गटात बहुधा वळणाच्या आतल्या बाजूने ओलांडायला मनाई असते.

पिवळा झेंडा दिसला की पुढे धोका आहे, वेग कमी करायचा आणि कोणालाही ओलांडायचे नाही. लाल म्हणजे सत्र थांबले. एकदम ब्रेक न मारता, हात वर करून, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबण्याच्या जागेत, परतायचे. पिवळ्यावर लाल उभे पट्टे असतील तर डांबर निसरडे आहे. निळा म्हणजे मागून वेगवान चालक येत आहे. आपली रेषा, म्हणजे वळणातून जाण्याचा आपला ठरलेला मार्ग, सोडायची नाही, तो त्याची वाट काढतो. काळा झेंडा तुम्हाला दाखवला तर पिटमध्ये यायचे. काळ्यावर नारिंगी गोल असेल तर तुमच्या गाडीतच बिघाड आहे, तेव्हा लगेच ट्रॅकच्या बाहेर पडायचे. चौकटींचा झेंडा सत्र संपल्याचा. झेंडे दाखवणारी माणसे प्रत्येक वळणाजवळ उभी असतात. पहिल्या संथ फेरीत रेषेआधी ती कुठे उभी आहेत ते पाहून ठेवावे.

वळण

आता ज्यासाठी आलो ते. एका सत्रात एकच गोष्ट सुधारायची, हा नियम स्वतःला घालून घ्यावा. डोक्यात एका वेळी पाच सूचना असतील तर एकही पाळली जात नाही.

पहिल्या सत्रात फक्त खुणा शोधाव्यात. प्रत्येक वळणासाठी तीन जागा डोळ्यांत भराव्यात: जिथे गाडी वळवायला सुरुवात करायची ती, वळणाच्या आतल्या कडेला जिथे सर्वांत जवळून जायचे ती, आणि जिथून बाहेर पडायचे ती. डांबरावरचा ठिगळाचा सांधा, कडेच्या रंगीत पट्ट्यांची सुरुवात, एखादा फलक अशा न हलणाऱ्या वस्तू धराव्यात. सावली धरू नये. ती दुपारपर्यंत सरकते. या सत्रात चौथा गिअर लावून ब्रेक जवळजवळ न वापरता फिरले तरी चालते. प्रशिक्षक अनेकदा तसेच करायला लावतात, म्हणजे वेगाचा अंदाज डोळ्यांनी घ्यावा लागतो.

दुसऱ्या सत्रात वळवण्याची जागा पक्की करावी. रस्त्यावरच्या सवयीने माणूस फार लवकर वळतो, कारण वळण दिसले की जीव घाबरतो आणि आत शिरावेसे वाटते. लवकर वळलेली गाडी आतल्या कडेला लवकर पोहोचते आणि मग बाहेर पडताना रुंद फेकली जाते. घाटात नेमके हेच होते आणि चालक समोरच्या लेनमध्ये जातो. ट्रॅकवर थोडे उशिरा, बाहेरच्या कडेला राहून, एकाच ठाम हालचालीत गाडी झुकवावी. जागा बरोबर असेल तर वळणात हँडल पुन्हा दुरुस्त करावे लागत नाही. एका वळणात दोनदा-तीनदा हँडल हलले, तर वळण्याची जागा किंवा वेग चुकला असे समजावे.

तिसऱ्या सत्रात थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरची मूठ. गाडी झुकून रेषेवर आली की थ्रॉटल हळूच, सलग आणि सतत उघडत न्यावा. वळणात घाबरून तो एकदम सोडला, तर वजन पुढे जाते, पुढचा टायर दबतो, शॉकअप बसल्यामुळे गाडी जमिनीच्या आणखी जवळ येते आणि रेषा बिघडते. जी कृती सुरक्षित वाटते तीच गाडीला अस्थिर करते, हे पटायला बहुतेकांना वेळ लागतो, आणि पटल्यावरही हात ऐकत नाही. म्हणूनच वळणात शिरतानाचा वेग असा ठेवावा, की आत गेल्यावर थ्रॉटल सोडावासा वाटणारच नाही.

वेग थोडा वाढवला की झुकण्याचा कोन किती वाढतो, याचा अंदाज असावा. ५० मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ६० च्या वेगाला गाडीला साधारण ३० अंश झुकावे लागते आणि ताशी ८० ला ४५ अंश. ४५ अंश म्हणजे रस्त्यासाठीच्या साध्या गाडीचे फूटरेस्ट घासू लागण्याच्या आसपासची स्थिती आहे. गुडघा जमिनीला टेकवून फोटो काढण्याच्या नादात हा हिशेब विसरला जातो. गुडघा टेकणे हे पहिल्या दिवसाचे उद्दिष्ट असूच नये.

चौथ्या सत्रात शरीर. बाहेरचा गुडघा टाकीला घट्ट लावावा, पायाच्या चवड्यावर भार द्यावा आणि हात कोपरातून सैल सोडावेत. हात ताठ असले की रस्त्यावरचा प्रत्येक धक्का हँडलमध्ये जातो. सत्र संपल्यावर हातमोजे काढून तळवे पाहावेत. अंगठ्याच्या मुळाशी लाल झाले असेल किंवा फोड आला असेल तर तुम्ही हँडलला लोंबकळत होता. मग टायर पाहावा: वापरलेल्या भागावर रबराच्या बारीक गोळ्या वळलेल्या दिसतात आणि कडेला न वापरलेली गुळगुळीत पट्टी उरते. पुढच्या आणि मागच्या टायरची पट्टी दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते बघावे. बहुतेकांची एका बाजूची रुंद असते, म्हणजे त्या बाजूची वळणे त्यांना भीती घालतात. पुढच्या सत्रात तीच वळणे निवडून त्यांवर लक्ष द्यावे.

दुपारनंतर दमछाक होते आणि पडझड याच वेळात अधिक होते. सकाळपासून प्रत्येक सत्रानंतर अर्धा लिटर पाणी आणि दिवसातून दोन-तीनदा ओआरएस घ्यावे. जेवण हलके असावे. सूट कमरेपर्यंत उघडून सावलीत बसावे. एकच खूण ठरलेल्या जागी सलग दोनदा चुकली, तर ते थकल्याचे लक्षण आहे; त्या क्षणी हात वर करून पिटमध्ये यावे आणि शेवटचे सत्र सोडून द्यावे. पैसे भरले आहेत म्हणून ते पूर्ण करणे हा चुकीचा हिशेब आहे.

पडलात तर गाडी सोडून द्यावी, धरून ठेवू नये. घसरणे पूर्ण थांबल्याशिवाय उठू नये, उठल्यावर आधी मागून कोणी येत आहे का ते पाहावे, मग ट्रॅकपासून दूर जावे. गाडी उचलायला कर्मचारी येतात. डोक्याला मार लागला असेल तर कितीही बरे वाटत असले तरी डॉक्टरने तपासल्याशिवाय पुन्हा गाडीवर बसू नये.

परत आल्यावर

त्याच संध्याकाळी, सगळे ताजे असताना, वहीत ट्रॅकचा नकाशा काढून प्रत्येक वळणापुढे वळण्याची जागा, गिअर आणि तिथे काय चुकले ते लिहावे. पुढच्या वर्षी त्याच ट्रॅकवर गेल्यावर ही वही प्रशिक्षकाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते.

गाडी खानदेशात पोहोचली की रस्त्यावर काढण्याआधी आरसे, नंबर प्लेट, साडीगार्ड आणि दिवे पूर्ववत करावेत, टायरची हवा कंपनीच्या आकड्यावर आणावी, रेडिएटरमध्ये पाणी भरले असेल तर ते काढून कूलंट घालावे, ब्रेक पॅड पुन्हा मोजावेत आणि चेन ताणून तेल द्यावे. टायरवर चिकटलेल्या रबराच्या गोळ्या पहिल्या काही किलोमीटरपर्यंत पकड कमी करतात, तेव्हा त्या अंतरात गाडी सांभाळून चालवावी. रस्त्यावर ट्रॅकची रेषा वापरायची नाही, कारण ट्रॅकवर पूर्ण रुंदी आपली असते आणि घाटात फक्त डावी बाजू. ट्रॅकवरून आणायचे ते लांब पाहणारी नजर, दोन टप्प्यांत लागणारा ब्रेक आणि उशिरा वळण्याची सवय. कन्नडच्या घाटात यांपैकी एकेक गोष्ट, नेहमीच्याच वेगाने आणि डावी कडा धरून, वापरून पाहावी आणि रविवारचा मैदानावरचा सराव महिन्यातून एकदा तरी चालू ठेवावा.